तोल कानात असतो, पण एकट्या कानात नाही

सध्या एक मजकूर बराच फिरतोय: "शरीराचा तोल कान सांभाळतो. डोळे मिटूनही माणूस उभा राहतो, म्हणजे डोळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. हलत्या पडद्यासमोर जो डोलतो त्याचे कान बिघडलेले असतात. आणि दृश्य खोटं आहे हे कळलं की डोलणं थांबतं."

डोळे मिटून उभं राहता येतं, कबूल. पण पावलं जुळवून, भिंतीजवळ, अर्धा मिनिट करून बघा; डोलणं वाढलेलं तुमचं तुम्हालाच जाणवेल. एका हातानं बादली उचलता येते म्हणून दुसरा हात बिनकामाचा ठरत नाही. त्यात कानाची एक अडचण आहे. आतल्या कानाला वेगातला बदल कळतो. संथ, एकसारखी हालचाल त्याच्या नजरेतून सुटते (कानाला नजर म्हणणं जरा विचित्रच). ती पकडतात डोळे, तळपाय आणि घोट्याचे स्नायू.

सर्वांत बोलका पुरावा 1974 चा आहे. डेव्हिड ली आणि एरिक अॅरन्सन यांनी नुकतीच चालायला लागलेली मुलं अशा खोलीत उभी केली, जिच्या भिंती आणि छत सरकायचं, जमीन मात्र जागच्या जागी. समोरची भिंत जवळ आली की मुलं मागे झुकायची, काही तर चक्क पडायची. कुणी ढकललं नव्हतं. भिंत जवळ येते म्हणजे आपणच पुढे कलतोय, असा शरीरानं हिशेब केला आणि स्वतःला मागे सावरलं. तोल गेला तो सावरण्यामुळेच!

मोठी माणसं पडत नाहीत, पण भिंत काही मिलिमीटर हलली तरी तिच्याबरोबर डोलतात, बऱ्याचदा भिंत हलल्याचं लक्षातही न येता. जे लक्षातच येत नाही ते 'कळलं की थांबतं' कसं? शेजारची गाडी सुटली की आपलीच निघाली असं वाटतं, तेही शंभराव्यांदा.

राहिला बिघडलेल्या कानांचा मुद्दा. तो उलटा आहे. निरोगी माणूसही डोलतो. फक्त दृश्य फारच कलायला लागलं की त्याचं शरीर डोळ्यांचं ऐकणं कमी करतं आणि कान-पायांवर विसंबतं. ज्यांच्या दोन्ही आतल्या कानांचं काम बंद पडलंय, त्यांना हा लगाम नीट लावता येत नाही. फरक डोलण्यात नाही, किती डोलतो त्यात आहे.

आणि डोळे मिटलेले असताना एखाद्या स्थिर वस्तूला बोटाचं टोक टेकवलं, आधार मिळणार नाही इतकं हलकं, तरी डोलणं कमी होतं. बोटाला तर कान नसतो.