तो प्रोफेसर, तो विद्यार्थी आणि देवाचा खोटा पुरावा

हा मेसेज तुम्हालाही आला असेलच. नास्तिक प्रोफेसर वर्गात विचारतात, जगात एवढं वाईट चाललंय मग देव कुठाय? एक मुलगा उठतो आणि म्हणतो सर, थंडी अशी काही गोष्टच नसते, ती नुसती उष्णता नसणं, अंधार म्हणजे प्रकाश नसणं, तसं वाईट म्हणजे माणसाच्या मनात देव नसणं. मग तुमचा मेंदू कुणी पाहिलाय का असं विचारून सरांना गप्प करतो. शेवटी ठळक अक्षरांत, तो मुलगा होता आइन्स्टाइन!

मी देव मानते, आमचं घर माळकरी आहे, आणि म्हणूनच हा मेसेज मला जास्त खटकतो.

आधी आइन्स्टाइनचं. हा प्रसंग घडल्याचा काहीही पुरावा नाही. उलट १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तार करून देव मानता का विचारलं तेव्हा आइन्स्टाइननी कळवलं की स्पिनोझा या तत्त्वज्ञाचा देव मानतो, म्हणजे सृष्टीच्या सुसंगतीत दिसणारा, माणसांच्या नशिबात लक्ष घालणारा नव्हे. मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, एका पत्रात तर देव हा शब्द माणसाच्या दुबळेपणातून आलाय असं लिहिलं. इतकं स्पष्ट सांगून गेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला हवं ते घालायचं, तेही देवासाठी? खोटं ते खोटंच.

आता थंडी. फिजिक्स ठीक आहे, उणे २७३.१५ सेल्सिअसच्या खाली तापमान जात नाही वगैरे. पण उष्णता आहे हे आपल्याला वेगळं माहीत असतं, मोजता येतं, म्हणून थंडीला तिचा अभाव म्हणता येतं. इथे देव आहे हे आधीच धरून चाललेत, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत. वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव हे संत ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वी म्हणाले होते, पण ते देव मानूनच सुरुवात करत होते, देव असताना वाईट कुठून आलं हे समजून घ्यायला.

आणि ‘मनात देव नसणं’ हे तर मला सहनच होत नाही. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून, मोरया म्हणून लोक घरी येऊन झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीची जड माळवदं, सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं आणि साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. कुणाच्या मनात देव नव्हता यातल्या? लहान लेकरांच्या? प्रोफेसरांचा प्रश्न खरा आहे हो, माझ्यासारख्या मानणाऱ्यांनाही छळणारा आहे, त्याला असं शब्दात पकडून उडवून लावू नका.

मेंदूचं तर सोपंय. एमआरआय काढा, दिसेल. आइन्स्टाइनचा मेंदू १९५५ मध्ये शवविच्छेदनात बाहेर काढला होता, त्याचे काप फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये आहेत. शिवाय डोळ्यांनी दिसेल तेवढंच खरं असं विज्ञान म्हणतच नाही, नेपच्यून १८४६ मध्ये आधी गणितात सापडला, मग दुर्बिणीत.

देव सिद्ध करू नये असं मी म्हणत नाहीये. उदयनाचार्यांनी हजारेक वर्षांपूर्वी न्यायकुसुमांजली हा अख्खा ग्रंथ त्यासाठी लिहिला, समोरच्याचे आक्षेप नीट मांडून, मग उत्तर देऊन. सांख्य आणि मीमांसा ही दर्शनं वेद मानतात तरी जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, आणि त्यांना कुणी आस्तिक, म्हणजे वेद मानणाऱ्या, दर्शनांतून काढलं नाही. वाद असा घालायचा असतो. मला यातला एकही युक्तिवाद पूर्ण पटलेला नाही आणि तरी सकाळी हरिपाठ म्हटल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, कारण तो मी पुराव्यावर म्हणतच नव्हते.

तेव्हा घरच्या ग्रुपवर हा मेसेज परत आला तर पुढे पाठवू नका, आणि पाठवणाऱ्या काकांना सगळ्यांसमोर नाही, फोन करून सांगा.