म्हणे युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा असू शकतो

नाहीये चुकीचा. बरोबर आहे. तोच पासवर्ड मी आत्ता याच मशीनवर, बाजूच्या विंडोत, ब्राउझरमध्ये टाकला आणि इनबॉक्स उघडला, सगळे मेल समोर दिसतायत, आणि हा मेल प्रोग्राम मला लाल अक्षरात सांगतोय की युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा असू शकतो. असू शकतो! म्हणजे याला स्वतःलाच खात्री नाही, पण संशय कोणावर, तर माझ्यावर.

काम केवढं होतं? वेबमेलचं एक खातं डेस्कटॉपवरच्या प्रोग्रामात जोडायचं. नाव, मेल आयडी, पासवर्ड, तीन रकाने, कंटिन्यू. ते गोल गोल फिरणारं चक्र फिरलं, "सेटिंग्ज शोधत आहोत", आणि मग मोठ्या ऐटीत हिरवी टिक, सापडल्या! इनकमिंग (म्हणजे मेल वाचायला) आयमॅप, पोर्ट (सर्व्हरचा दार नंबर म्हणा) ९९३, एसएसएल. आउटगोइंग (म्हणजे पाठवायला) एसएमटीपी, पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस; एसएसएल काय किंवा हे काय, बोलणं गुप्त ठेवायच्या पद्धती. मला वाटलं वा, सुधारले की हे लोक. डन दाबलं आणि लाल.

मग जे सगळे करतात ते सगळं केलं. कॅप्स लॉक बघितला. डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून एकेक अक्षर वाचलं. नोटपॅडमध्ये टाइप करून तिथून कॉपी पेस्ट केला. युजरनेममध्ये पूर्ण मेल आयडी टाकून बघितला, मग ॲट द रेटच्या आधीचाच भाग टाकून बघितला, कारण काही सर्व्हरना हे लागतं आणि काहींना ते, आणि कुठल्याला काय हे तो रकाना कधीच सांगत नाही. मग मॅन्युअल कॉन्फिगर. तिथे ऑथेंटिकेशनचा ड्रॉपडाउन: नॉर्मल पासवर्ड, एन्क्रिप्टेड पासवर्ड, केर्बेरॉस, एनटीएलएम, ओऑथ टू. अहो, मला मेल वाचायचेत, बँकेची तिजोरी नाही उघडायची. केर्बेरॉस वापरणारा माणूस असेल तर त्याच्या ऑफिसात त्यासाठी ॲडमिन बसलेला असतो, माझ्यासमोर कशाला ठेवलंय हे?

हेल्प पेजवर गेले तर एका पानावर ५८७ वापरा, दुसऱ्यावर ४६५ वापरा, आणि तिसऱ्या कुठल्यातरी प्राचीन पानावर २५. २५ तर बहुतेक इंटरनेटवाल्यांनी घरगुती कनेक्शनवर स्पॅमच्या भीतीने कधीचाच बंद करून ठेवलाय, पण पान तसंच. आणि ४६५ ची तर वेगळीच कहाणी. १९९७ मध्ये तो पोर्ट सुरक्षित मेलसाठी म्हणून दिला, मग थोड्याच काळात काढून घेतला, नको, ५८७ वर स्टार्टटीएलएस करा म्हणाले, लोकांनी वर्षानुवर्षं तसं केलं, आणि २०१८ च्या जानेवारीत आरएफसी ८३१४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची कागदपत्रं) काढून सांगितलं की नाही नाही, ४६५ च बरा होता. आता यातलं कुठलं पान कुठल्या वर्षी लिहिलंय हे मी कसं ओळखायचं? पानावर तारीख टाकायची नाही, हा तर या लोकांचा धर्मच. खाली फक्त "ही माहिती उपयुक्त वाटली का?" आणि दोन अंगठे. खालचा अंगठा मी इतक्या जोरात दाबला की माउस टेबलावरून पडला.

बरं, हे मुख्य नाहीच. मुख्य पुढे आहे.

वैतागून शेवटी मी लॉग चालू केला. म्हणजे प्रोग्राम आणि सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात ते ओळीओळीने फाइलमध्ये उतरवणारी सोय, जी अर्थातच कुठल्याही मेन्यूत नाही, ॲडव्हान्स्ड, मग "धोका पत्करून पुढे जा", मग सर्च करून नाव टाकायचं. ती फाइल उघडली आणि माझं डोकंच फिरलं. सर्व्हरने कारण सांगितलेलं होतं! स्पष्ट! पहिल्या झटक्यात! त्याने लिहिलं होतं, नो, अलर्ट, आणि पुढे साध्या सरळ वाक्यात, की या खात्यासाठी ॲप पासवर्ड (म्हणजे एकेका प्रोग्रामपुरता काढलेला वेगळा पासवर्ड) लागेल, आणि तो कुठून घ्यायचा त्याचा पत्ता सुद्धा. लिंकसकट. आणि या प्रोग्रामने ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि मला काय सांगितलं? तुमचा पासवर्ड चुकीचा असू शकतो. साहेबांनी कारण लिहून दिलेली चिठ्ठी शिपायाने खिशात घातली आणि दारात येऊन मला सांगितलं, बाई, तुमचंच काहीतरी चुकलंय, घरी जाऊन बघा.

आणि हे माझं मत नाही हां. आयमॅपचा नियम आहे. २००३ ची आरएफसी ३५०१, त्यात लिहिलंय की अलर्ट असा शब्द आला तर त्यापुढचा मजकूर वापरणाऱ्याला दाखवायलाच हवा, आणि तोही त्याचं लक्ष जाईल अशा पद्धतीने. तिथे "मस्ट" हा शब्द कॅपिटलमध्ये आहे. दाखवलात तर बरं होईल असं नाही, मस्ट. २००३ पासून. आयमॅप स्वतः १९८६ चा, म्हणजे एवढी वर्षं या दोघांना एकमेकांशी नीट बोलता येतंय, आणि माणसाशी बोलायची वेळ आली की वाचा बसते.

कोणीतरी डिझायनर असणार. मी त्याला डोळ्यासमोर आणू शकते. "युजरला टेक्निकल मेसेज दाखवून घाबरवू नका." अरे, मी घाबरत नाही! मला कारण कळलं तर मी घाबरत नाही, मला कारण लपवलं की संताप येतो! हेच ते लोक, ज्यांनी सगळ्या एरर मेसेजमधून आकडे काढून "अरेरे! काहीतरी बिघडलं" आणि एक रडका रोबो टाकला. काहीतरी! काहीतरी बिघडलंय ते मला दिसतंय, काय बिघडलंय ते सांग ना! आणि त्याखाली बटण एकच, "ओके". ओके नाहीये. "ओके नाहीये" असं बटण का नसतं कधी?

असो. (असो म्हणजे असो नाही.)

ॲप पासवर्ड ही भानगड मला माहीत नव्हती असं नाही. साधा पासवर्ड घेणं मोठमोठ्यांनी थांबवलंय, गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून, मायक्रोसॉफ्टने एक्सचेंज ऑनलाइनमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, आणि का थांबवलंय तेही कळतं, एकच पासवर्ड दहा प्रोग्रामांत साठवून ठेवणं धोक्याचं, मान्य. ओऑथमध्ये छोटी ब्राउझर विंडो उघडते, तिथे लॉगिन करायचं, प्रोग्रामला फक्त टोकन, म्हणजे परवानगीची चिठ्ठी मिळते, पासवर्ड नाही. उत्तम कल्पना. चालली असती तर अजूनच उत्तम. माझ्याकडे ती विंडो उघडली आणि पांढरीच राहिली. पांढरी! का, तर प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये कुकीज बंद होत्या. मेल प्रोग्रामात कुकीज. माझ्याकडच्या वेबमेलवाल्यांना तर ओऑथ या प्रोग्रामबरोबर जमतच नाही, हे कुकीज चालू केल्यावर समजलं, आधी नाही.

म्हणून ॲप पासवर्ड. तो घ्यायचा कुठे, तर सिक्युरिटीमध्ये. सिक्युरिटीमध्ये तो पर्याय नाहीच. कारण तो टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू केल्याशिवाय दिसत नाही, आणि दिसत का नाही हे तिथे लिहिलेलं नाही, ते वेगळ्या पानावर. मग टू स्टेप चालू करा. मग फोन नंबर द्या. मग ओटीपी. ओटीपी आला तेव्हा पानाची वेळ संपलेली. परत पाठवा. मग एकदम दोन आले, पहिला चालेना, दुसराही चालेना, कारण तोवर मी घाईत तिसरा मागवलेला. मधेच तुम्ही माणूस आहात का म्हणून सिग्नलचे फोटो निवडा. सिग्नलचा खांब हा सिग्नल धरायचा की नाही हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. आणि शेवटी एक पान, "तुमच्या सुरक्षिततेची आम्हाला काळजी आहे". आहे ना, दिसतंय.

मिळाला एकदाचा. सोळा अक्षरं, चार चारच्या गटात, मधे मोकळ्या जागा. त्या मोकळ्या जागा टाकायच्या की नाही? लिहिलेलं नाही. आणि हा पासवर्ड पुन्हा दाखवला जाणार नाही, हे मात्र ठळक. त्याला एक नाव द्या म्हणे, म्हणजे ओळखता येईल. दिलं, "डेस्कटॉप". तेव्हा माझ्यात थोडी सभ्यता शिल्लक होती.

इथे मला स्वतःविषयी एक सांगायला हवं, मी अशा वेळी स्क्रीनशी भांडते. मोठ्याने. एंटर जोरात दाबला की पासवर्ड जास्त बरोबर होतो असा माझा आतून कुठेतरी विश्वास आहे, आणि चाललं नाही तर अजून जोरात. सर्व्हर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये एसीत शांत बसलाय आणि मी इथे त्याला "काय रे, कळत नाही का तुला" म्हणतेय. घरच्यांनी हळूच दार लावून घेतलं. बरोबरच केलं त्यांनी.

तर ॲप पासवर्ड टाकला, आणि खातं तात्पुरतं लॉक. हो! कारण मी इकडे हेल्प पेज वाचत असताना हा शहाणा प्रोग्राम मागे दर थोड्या वेळाने, आपण होऊन, जुन्याच पासवर्डने दार ठोठावत होता. त्याला कोणी सांगितलं होतं? नवीन मेल तपासणं चालू ठेवलं होतं त्याने, खातं नीट जोडलेलंच नसताना. आणि सर्व्हरने माझ्या भल्यासाठी "संशयास्पद प्रयत्न आढळले" असा इशारा पाठवला. कुठे? त्याच लॉक झालेल्या खात्यात.

लॉक उघडल्यावर इनकमिंग चालू झालं. मेल यायला लागले. मी खुर्चीत मागे रेलले, एक उत्तर लिहिलं, सेंड. "पाठवता आलं नाही, पासवर्ड तपासा." कारण आउटगोइंगचा पासवर्ड वेगळा साठवलेला असतो, तो जुनाच होता. एकच खातं, एकच माणूस, एकच प्रोग्राम, आणि पासवर्ड दोन ठिकाणी! १९८२ पासून मेल पाठवण्याचा प्रोटोकॉल वेगळा आणि वाचण्याचा वेगळा, ठीक आहे, ते त्यांचं खासगी आहे, माझ्यापर्यंत कशाला आणता?

आणि मग फोल्डर. सेंट. सेंट आयटम्स. सेंट मेल. सेंट मेसेजेस. चारही माझ्याच खात्यात, वेगवेगळ्या काळातल्या वेगवेगळ्या प्रोग्रामांनी येऊन आपापला बनवून ठेवलेला, आणि पाठवलेला एक मेल शोधायचा तर चौघांना विचारा. काही ठिकाणी सर्व्हर पाठवलेल्याची प्रत स्वतःच ठेवतो आणि प्रोग्रामही ठेवतो, म्हणजे प्रत्येक मेल मी दोनदा पाठवल्यासारखा दिसतो. ड्राफ्टचं तर विचारूच नका, लांब मेल लिहिताना तो मधेमधे सेव्ह करतो आणि दर वेळी जुना मसुदा कचऱ्यात टाकतो, कचऱ्याचा फोल्डर उघडला तर माझंच अर्धवट वाक्य हळूहळू मोठं होताना दिसतं. फोल्डरऐवजी लेबल लावणाऱ्या मेल सेवेत तर "ऑल मेल" नावाचा फोल्डर असतो, तो सिंक केला की इनबॉक्समधलं सगळं परत एकदा, डिस्क भरते, पंखा घोंघावतो, आणि खाली "७ पैकी ३ फोल्डर तपासत आहे" असं तासभर.

पॉपचं, म्हणजे मेल आणायच्या त्या दुसऱ्या पद्धतीचं, तर नावच काढू नका. "सर्व्हरवर प्रत ठेवा" ही टिक नसली की तो सगळे मेल उतरवून घेतो आणि वर साफ. आणि टिक असली तरी शेजारी बारीक अक्षरात "जास्तीत जास्त १४ दिवस". कोणी ठरवले हे चौदा दिवस? मेल काय दूध आहे?

आता येतील ते, मला माहितीये. "अगं पण ब्राउझरमध्येच बघ ना." या वाक्याचा मला मनापासून तिटकारा आहे. मला चार खाती एका ठिकाणी हवीत. नेट गेलं तरी जुना मेल वाचता यायला हवा. माझ्या मेलची प्रत माझ्या डिस्कवर हवी, उद्या खातं बंद पडलं तर. आणि इनबॉक्समध्ये वरच्या दोन ओळी जाहिरातीच्या, त्याही मेलसारख्या दिसणाऱ्या, त्या मला नकोत. एवढं सगळं सांगितल्यावर ते म्हणतात, "मग फोनवरच बघ." फोनवर अटॅचमेंट उघडून दाखव मला एकदा, तीन फाइल एकत्र, आणि त्यातली दुसरी पुढे पाठव, मग बोलू.

जोडलं गेलं शेवटी. येतायत मेल, जातायत मेल, इंडेक्सिंग चालू आहे म्हणून सर्चमध्ये अजून काही सापडत नाही, पण चालतंय. आणि हे लिहितेय तेवढ्यात फोन वाजला. टू स्टेप चालू केल्यामुळे फोनमधल्या मेल ॲपचा जुना पासवर्ड गेला, त्यालाही आता स्वतःचा ॲप पासवर्ड हवाय. परत सिक्युरिटी, परत ओटीपी, परत सोळा अक्षरं, परत "या पासवर्डला एक नाव द्या". दिलंय. काय दिलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही.