"पोरगी बोलकी आहे, मार्केटिंगला घाला"

आज डोकं फिरलंय. भाचीने पुढे काय शिकावं यावर घरात चर्चा चालली होती. एका नातेवाइकांनी निकालच लावला, "मार्क बेताचे, पण पोरगी बोलकी आहे. मार्केटिंगला घाला, नाहीतर रिसेप्शनला." सगळे हसले.

अहो, ती बोलकी नाहीच मुळी! घरात भांडण झालं की दोन्हीकडचे तिच्याच खोलीत जाऊन बसतात, कारण ती ऐकून घेते. चांगला विक्रेताही आधी ऐकतो, ठीक आहे, मान्य. पण जग तिथेच संपतं का?

बाबा आयसीयूत होते तेव्हा डॉक्टर जाता जाता सांगून जायचे आणि मला एक अक्षर कळायचं नाही. मग तिथल्या मेडिकल सोशल वर्कर आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, "तुम्हाला आत्तापर्यंत काय काय सांगितलंय?" मला रडूच फुटलं. त्या थांबल्या, मग बोलल्या.

मी समजत होते, बाई स्वभावानेच चांगल्या. असतीलही. पण वाईट बातमी कशी सांगावी याची 'स्पाइक्स' नावाची सहा टप्प्यांची पद्धत २००० सालापासून आहे. निवांत बसून बोलणं हे पहिल्या टप्प्यातलं, समोरच्याला काय माहीत आहे ते विचारणं हा दुसरा. म्हणजे त्या बाई हे शिकून आल्या होत्या! आणि आपण म्हणतो, "त्यात काय, गोड बोलायचं."

ब्रिटनमधल्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, मग डॉक्टर. मरणाऱ्या माणसांचं ऐकता ऐकता त्यांना कळलं की वेदना नुसती शरीराची नसते, तीत भीती असते, घरच्यांची काळजी असते. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, उभं केलं. हे काय गोड बोलून झालं?

विभक्त होणाऱ्या जोडप्याशी वेगवेगळ्या खोलीत बोलून, इकडचं गुपित तिकडे न जाऊ देता तोडगा काढणारा मध्यस्थ घ्या. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाचा एक शब्द येईपर्यंत, त्याचं वाक्य स्वतः पूर्ण न करता थांबणारी स्पीच थेरपिस्ट घ्या. करून बघा एक दिवस!

पगार बऱ्याचदा कमी असतो आणि माणूस आतून थकतो, हे खरंय. पण त्या दिवशी त्या बाई नसत्या तर बाबांच्या व्हेंटिलेटरच्या कागदावर मी काहीही न समजता सही केली असती.

तुमच्यापैकी कुणी अशा कामात असाल तर इथे लिहा ना. काय शिकलात, थकवा कसा सांभाळता, पहिलं वर्ष कसं गेलं. खरंखरं लिहा, भाचीला वाचायला देणार आहे.