व्हॅन्कोमायसिन हे ‘जास्त ताकदीचं पेनिसिलिन’ नव्हे

‘व्हॅन्कोमायसिन म्हणजे जालीम पेनिसिलिन, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर चालत नाही’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. व्हॅन्कोमायसिन हे वेगळ्याच रचनेचं प्रतिजैविक (अँटिबायोटिक) आहे. अशा रुग्णांना गंभीर संसर्गात अनेकदा उलट हेच दिलं जातं.

पेनिसिलिनचा गाभा म्हणजे चार अणूंचं बीटा-लॅक्टम कडं. व्हॅन्कोमायसिनमध्ये ते नाहीच. त्यात सात अमिनो आम्लांची साखळी असते, बाजूची कडी एकमेकांना जोडल्याने ताठ झालेली, वाटीसारखी वळलेली. त्यावर दोन क्लोरीन आणि ग्लुकोज व व्हॅन्कोसमाइन या दोन शर्करा. रेणुभार सुमारे १४४९, म्हणजे पेनिसिलिन-जीच्या चौपटीहून जास्त. ही वाटी जिवाणूच्या भित्तिकेसाठी (बाहेरच्या भिंतीसाठी) लागणाऱ्या कच्च्या मालाचं डी-ॲलानिन–डी-ॲलानिन (ॲलानिन या अमिनो आम्लाची जोडी) हे टोक पाच हायड्रोजन बंधांनी धरते. (पेनिसिलिन भित्तिका जोडणाऱ्या एन्झाइमलाच चिकटतं.) या औषधाला दाद न देणारा एन्टेरोकोकस हा जिवाणू शेवटच्या ॲलानिनच्या जागी लॅक्टेट बसवतो, एक बंध जातो आणि पकड सुमारे हजारपट ढिली पडते.

सलाइनमधून भरभर सोडलं तर चेहरा, मान लाल होऊन खाज सुटते. ती बहुतेकदा खरी ॲलर्जी नसते; औषध शरीरातलं हिस्टामिन (लाली-खाज आणणारं रसायन) थेट मोकळं करतं. म्हणून प्रौढांना १ ग्रॅम किमान २०० मिलीत मिसळून, निदान शंभर मिनिटं देतात.