देशभक्तीचा दाखला कसा मिळवावा

यंदाच्या पंधरा ऑगस्टला आमच्या गावात शोध लागला की मी देशद्रोही आहे. पुरावा काय, तर मी मंडळाच्या आरतीला जात नाही. झेंडावंदन होऊन बिस्किटपुडे वाटत होते, तेवढ्यात गावचे एक मानकरी, अण्णा, सगळ्यांदेखत म्हणाले, "जो देव मानीत नाय, तो देश काय मानणार?" देवळातल्या गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणावं तशा बाकीच्यांनी माना डोलावल्या. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून काही सूचना.

कपाळाला ठसठशीत टिळा लावा. तो बघून घरपट्टी कुणी विचारत नाही.

गाडीच्या हँडलला प्लास्टिकचा झेंडा अडकवा. सोळा तारखेला तो गटारात सापडला तरी हरकत नाही.

बोट असेल तर मग काय, प्रश्नच मिटला. सत्यनारायण घाला, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्या, बोटीवर तिरंगा फडकवा आणि काळोख पडला की एलईडी दिव्यांच्या झोताने भुलवून पिल्लांसकट मासळी गोळा करा. २०१७ पासून असल्या मासेमारीला बंदी आहे, पण ती सरकारने घातली, देवाने थोडीच!

बॅनरवर भगतसिंग हवाच. त्याला गंध लावा, हार घाला, उदबत्ती ओवाळा. फक्त त्याने लिहिलेलं वाचू नका. १९३० साली लाहोरच्या तुरुंगात, फाशी समोर दिसत असताना, आपण नास्तिक का आहोत हे त्या पोराने सविस्तर लिहून ठेवलंय. २३ मार्च १९३१ ला तो फासावर गेला. वर स्वर्ग नाही, पुढचा जन्म नाही, हे मनाशी पक्कं करून गेला. वय तेवीस. आमच्या गावात असता तर त्याला बिस्किटपुडा तरी मिळाला असता का? त्याच्या शेजारी सावरकर. इंग्रजांनी १९२४ ते १९३७ त्यांना आमच्या रत्नागिरीतच स्थानबद्ध ठेवलं होतं. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, हे त्यांनी उघड लिहिलं. तेच वाक्य आज त्यांच्याच बॅनरखाली उभं राहून मोठ्याने म्हणून बघा. जमलं तर मलाही बोलवा, मी लांबून बघेन.

आणि देव मानणाऱ्यांना देश नसतो असं मी कधी म्हटलंय? टिळक रत्नागिरीत जन्मले, मंडालेच्या तुरुंगात गीतेवर लिहीत बसले. पालगडचे साने गुरुजी १९४७ साली विठोबाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसले. ती त्यांची भक्तीच होती. त्यांना देव लागला, भगतसिंगला नाही लागला. इंग्रजांनी आत टाकताना कोण आरती म्हणतो हे बघितलं नाही. आपल्या राज्यघटनेनेही बघितलं नाही. मंत्र्याला ईश्वरसाक्ष शपथ घेता येते, नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येतं. दोन्ही मंत्री सारखेच. ही साधी गोष्ट दिल्लीत चालते, आमच्या वाडीत चालत नाही.

बास झाल्या सूचना. अण्णा, आता सरळच बोलतो. खाडीत रात्री सक्शन पंप लावून वाळू कोण काढतं हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण डंपर तुमच्याच बागेतून जातात. होडी लागते त्या तरीच्या धक्क्याची कड ढासळायला आलीय. ज्या शाळेच्या पटांगणात तुम्ही मला देश शिकवलात, तिच्या चौथीच्या वर्गात पत्रा गळतो आणि पोरं बाकं भिंतीला सरकवून बसतात. पत्र्यांचे पैसे येऊन गेले, पत्रे आले नाहीत. त्याबद्दल बोलताना तुमचा कंठ कधी फुटला नाही. माझ्या आरतीची मात्र तुम्हाला मोठी काळजी! लाज वाटायला हवी, अण्णा. देव मानता ना? मग निदान त्याला तरी भ्या. आणि पुढच्या ग्रामसभेला येताना पत्र्यांचा हिशेब घेऊन या.