त्या बाटलीत माझ्या आईचा मनीप्लांट आहे

आज इथे कॅनडातल्या कॅल्गरीत, आमच्या मंडळाच्या जेवणात एकजण हात पुसत पुसत म्हणाले, "कॅल्गरीला कसला आलाय इतिहास? परवापरवाचं गाव. आणि त्या दारूच्या कारखान्याच्या जुन्या भिंती कशाला जपायच्या?" चारजण हसले. वाद नको म्हणून मी गप्प बसले. घरी येऊन भांडी घासून झाली तरी डोकं शांत होईना, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक तपकिरी बाटली आहे. तिच्यावर गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनचं मुंडकं आहे. आम्ही इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजोबांनी ती आईला दिली होती, रिकामी, स्वच्छ धुतलेली. त्यांनी कॅल्गरीच्या इंगलवुड भागातल्या त्याच ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, उभी हयात काढली होती. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. बाटली कसली आहे ते कळल्यावर तिने ती पुन्हा तीनदा धुतली, पण टाकली नाही. "म्हातारा प्रेमाने घेऊन आलाय," म्हणाली आणि तिच्यात मनीप्लांट लावला.

तर इतिहास. १८८३ मध्ये इथे रेल्वे पोचली. १८९२ मध्ये आल्फ्रेड अर्नेस्ट क्रॉस या माणसाने ही ब्रुअरी काढली, तेव्हा अख्ख्या गावाची वस्ती जेमतेम ४ हजार होती आणि गावाला अजून शहराचा दर्जाही मिळाला नव्हता. आज आपण १३ लाखांच्या वर आहोत. क्रॉस शिकलेला जनावरांचा डॉक्टर, गुरं पाळणारा. १९१२ मध्ये पहिल्या स्टँपीडसाठी, म्हणजे इथल्या काउबॉय खेळांच्या जत्रेसाठी, चौघांनी मिळून १ लाख डॉलर उभे केले, त्या चौघांतला हा एक. दर जुलैत टोप्या घालून फोटो टाकता ना? त्यात या "दारूवाल्या"चा पैसा आहे!

दारूने घरं बसतात, मान्य आहे. माझ्या माहेरच्या गल्लीत मी ते पाहिलंय, मला शिकवू नका. इथल्या बायकाही त्यासाठी लढल्या आणि १९१६ मध्ये आपल्या या अल्बर्टा प्रांतात दारूबंदी आली. ती १९२४ पर्यंत टिकली. तेवढी वर्षं कारखान्याने सौम्य पेयांवर तग धरला. पुढे आवारात बाग फुलवली, साठच्या दशकात तर मत्स्यालय होतं. कारखान्याच्या आवारात शहरातली पोरं मासे बघायला जायची! आजोबा हे सांगताना दोन्ही हातांनी माशाची लांबी दाखवायचे.

एकदा त्यांनी आईला बिअरसाठी लागणारं माल्ट कसं करतात ते सांगितलं. सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भाजायचे. मी मध्ये बसून मराठी करत होते. आईने मला अर्ध्यावर थांबवलं. "अगं, म्हणजे आपलं नाचणीचं सत्त्वच की." मग ती त्यांना हाताने दाखवायला लागली, फडक्यात कसं बांधून ठेवायचं, मोड केवढे येऊ द्यायचे. आजोबा मान डोलवत राहिले. त्या दिवशी त्या दोघांना माझी गरज उरली नव्हती.

१९६१ मध्ये क्रॉस घराण्याच्या हातून कंपनी गेली, पूर्वेकडच्या बड्या कंपनीने घेतली. १९९४ मध्ये बंदच पडली. १०० वर्षांवर चाललेली गोष्ट. आजोबा म्हणायचे, वारा फिरला की अख्ख्या इंगलवुडला उकळत्या माल्टचा वास यायचा, आणि तो थांबल्यावर त्यांना सकाळी जाग यायची बंद झाली. गिरणगावातल्या भोंग्याबद्दल माझे मामा अगदी हेच बोलायचे. लालबागच्या चिमण्या पडल्या तेव्हा आपण हळहळलो ना? मग इथल्या विटांवर हसू कसं येतं?

आणि हो, त्या बाटलीवर बायसन छापला तेव्हा माळावरचे बायसन जवळपास मारून संपवलेले होते, आणि ज्यांचं जगणं त्यांच्यावर होतं त्या इथल्या मूळनिवासी ब्लॅकफूट लोकांची ही भूमी. हेही याच इतिहासात येतं. ते लपवा असं मी म्हणत नाही. उलट माझं म्हणणं एवढंच आहे की इथे घर घेतलं, मुलं इथल्या शाळेत घातली, तर इथलं बरंवाईट सगळं आपलं. निम्मं शहर घ्यायचं आणि निम्म्यावर हसायचं, हे मला नाही पटत.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. ज्यांनी ते वाक्य टाकलं ते माणूस म्हणून वाईट नाहीत. आमच्या पहिल्या हिवाळ्यात आम्हाला जुने कोट त्यांनीच आणून दिले होते. त्यांनी शनिवारी यावं, मी इंगलवुडला नेईन, सगळं दाखवीन.

आजोबा गेले, आईही गेली. मनीप्लांटची वेल आता पडद्याच्या दांडीपर्यंत चढलीय. उद्या पाणी बदलायचंय.