दार माझं, रंग कुणाचा?

आपली गाडी दुसऱ्याच्या दाराला घासत निघालीय हे आत बसलेल्याला कळत नाही? करकर आवाज येत नाही? की एसी आणि गाण्यांत साहेब तल्लीन?

माझ्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावर हातभर लाल पट्टा. हँडलच्या खाली सुरू होतो, पार चाकापर्यंत जातो आणि शेवटी एकदम दाट होतो. म्हणजे तिथे गाडी अडकली, साहेबांनी रिव्हर्स घेतली आणि पुन्हा तिथूनच काढली. दोनदा घासली! वायपरखाली चिठ्ठी? छे.

सेक्रेटरी काका म्हणतात, ‘पार्किंग ॲट ओनर्स रिस्क.’ कॅमेरा आहे, तो पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवून असतो. मेंटेनन्सचा मेसेज मात्र एक तारखेला न चुकता. आणि तो सकाळचा गाडी पुसणारा! कोरड्या फडक्याने धूळ चोळून चोळून बॉनेटवर गोल गोल जाळी करून ठेवलीय. उन्हात बघवत नाही.

ग्रुपवर सगळेच डेंटिंग-पेंटिंगचे महर्षी. एक म्हणे टूथपेस्ट, दुसरा म्हणे रॉकेल, तिसरा थेट थिनर. आधी स्वतःच्या गाडीला लावून दाखव ना! वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, तो गेला की बसा पॅनलचे पैसे मोजत. गॅरेजवाल्याने फोटो बघूनच ‘पूर्ण पॅनल मारावं लागेल’ सांगून टाकलं. इन्शुरन्समधून करावं तर नो क्लेम बोनसवर, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवर पाणी. पाच वर्षांत कुठे ५० टक्क्यांवर पोचतो तो, आणि एका क्लेमला शून्य.

मग काय, घरीच. नख फिरवलं, अडकलं नाही. म्हणजे ओरखडा नाही, परक्याचा रंग नुसता वर चिकटलाय. गाडी धुतली, डब्ल्यूडी-४० हा तेलकट स्प्रे मारला, जरा मुरू दिला, मायक्रोफायबरने पुसलं. अर्धा लाल फडक्यावर आला. उरलेल्यावर बोटभर रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासून काढायची पेस्ट, सावलीत, हलक्या हाताने. ते खालच्या काळ्या प्लॅस्टिकला लागून वाळलं आणि पांढरंफटक! आता ते काढायला जुना टूथब्रश. मी उकिडवा बसून खसाखसा घासतोय आणि देवळात निघालेली आई थांबून म्हणते, ‘एवढ्या मायेनं देवाची भांडी घासली असतीस, तर समई अशी काळी पडली नसती रे.’ काय बोलणार? उठायलाच दाराचा आधार लागत होता.

पट्टा गेला. आता तेवढंच दार चमकतंय आणि बाकीची गाडी कळकट दिसतेय, ते वेगळंच.

पण माझा पांढरा रंग त्याच्या बंपरला लागला असणारच ना! सोसायटीतल्या लाल गाड्यांचे बंपर वाकून वाकून तपासतोय. वॉचमनला आता माझाच संशय येतोय. एकच राहिलीय, बी विंगवाल्यांची. तिच्यावर कव्हर आहे. बेसमेंटमध्ये! छताखाली! गेल्या आठवड्यापर्यंत कुठे होतं हो हे कव्हर?